कुसळीच्या नावाचे दोन प्रदेश

दिवाळीच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ किंवा कळमनुरीकडच्या माळावरून चालत गेलं, की कपड्यांना कुसळं चिकटतात आणि घरी येऊन एकेक उपटत बसावं लागतं. मेंढ्यांचे हाल त्याहून वाईट. कुसळ लोकरीतून कातडीपर्यंत शिरतं, तोंडातही जखमा करतं. म्हणून कुसळी गवत चारा म्हणून कामाचं, ते फुलोऱ्याआधी, कोवळं असतानाच.

हे टोचणं बियाच्या रुजण्यासाठी आहे. बुडाशी सुईसारखं टोक, त्यावर मागे वळलेले ताठ केस, त्यामुळे आत शिरलेलं बी सहसा मागे सरकत नाही. वर पाच सेंटिमीटरांहून लांब, पिळाची शेपटी. दवाने ती उलगडते, ऊन चढलं की पुन्हा पीळ बसतो आणि बी गिरमिटासारखं भेगेत उतरतं. वाळलेलं कुसळ पाण्याच्या थेंबात ठेवून बघावं, ते फिरताना डोळ्यांना दिसतं. वणवा गेला तरी मातीत गाडलेलं बी तगतं. गवत बहुवर्षायू, त्यामुळे जुन्या बुडख्यांनाही पावसात धुमारे फुटतात.

शास्त्रीय नाव हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस. वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियसने 1753 मध्ये ‘स्पीशिज प्लँटारम’ या ग्रंथात भारतातल्या या गवताला ‘अँड्रोपोगॉन कॉन्टॉर्टस’ म्हटलं. कॉन्टॉर्टस म्हणजे पिळलेलं, अँड्रोपोगॉन म्हणजे पुरुषाची दाढी. आपल्या लोकांनी ज्या कुसळावरून गवत ओळखलं, त्याच कुसळावर लिनियसचीही नजर गेली!

हेच गवत भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या, उन्हाच्या उतारांवरही वाढतं. तिथल्या गवताला 1805 मध्ये द कांडोल या अभ्यासकाने तुरीनचे वनस्पतिशास्त्रज्ञ कार्लो अलिओनी यांच्यावरून ‘अँड्रोपोगॉन अलिओनी’ नाव दिलं. दोनच वर्षांनी पर्सून या दुसऱ्या अभ्यासकाने त्याच युरोपीय गवतावरून हेटेरोपोगॉन ही वेगळी प्रजाती मांडली. अर्थ, वेगळी दाढी. कणसाच्या खालच्या कणिशकांना कुसळ नसतं, वरच्यांना असतं, हा तो वेगळेपणा.

दोन्ही गवतं एकच असतील तर नाव कोणतं ठेवायचं? वनस्पतिशास्त्रात आधी प्रसिद्ध झालेल्या नावाला मान असतो आणि गवत दुसऱ्या प्रजातीत हलवलं तरी जातीचं जुनं विशेषण सोबत जातं. 1817 मध्ये रोमर आणि शुल्टेस यांच्या ग्रंथात कॉन्टॉर्टस हेटेरोपोगॉनमध्ये गेलं. अलिओनी यांचं नाव मागे पडलं. आज हिंगोलीच्या माळावरच्या कुसळीच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द भूमध्य समुद्राकाठच्या गवतावरून आलेला आहे आणि दुसरा भारतातल्या गवतावरून.