जड चालक, जुनी डर्ट बाईक आणि सस्पेन्शन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दुचाकीचे सस्पेन्शन दोन वेगळी कामे करते. गाडीचे आणि चालकाचे वजन पेलणे हे स्प्रिंगचे काम. स्प्रिंग किती वेगाने दबावी आणि किती वेगाने परत यावी, हे ठरवण्याचे काम तेलाचे आणि त्या तेलाला वाट देणाऱ्या झडपांचे. या दुसऱ्या कामाला डॅम्पिंग म्हणतात. जड चालकासाठी गाडी तयार करताना होणाऱ्या बहुतेक चुका ही दोन कामे एकच समजल्यामुळे होतात.

छत्रपती संभाजीनगरला हा विषय परका नाही. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी या शहरात सुरू झालेल्या उद्योगातून वाढलेली एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज ही कंपनी आज दुचाकींचे पुढचे फोर्क आणि मागचे शॉकअप मोठ्या प्रमाणावर बनवते. शहराबाहेर पडले की सारोळ्याचा डोंगर, म्हैसमाळकडचे चढ, मुरमाच्या वाटा, काळ्या पाषाणाचे सुटे धोंडे आणि पावसाळ्यात चाकाला चिकटणारी काळी माती. अशा वाटांसाठी २०११ ची हिरो इम्पल्स, २०१६ ची रॉयल एनफिल्ड हिमालयन किंवा २०१९ ची हिरो एक्सपल्स २०० यांसारखी गाडी जुन्यात घेतली जाते. कारखान्यातून येणारी स्प्रिंग मध्यम बांध्याच्या माणसाचा विचार करून दिलेली असते. चालकाचे वजन ९५ किलो असेल, तर हेल्मेट, बूट, गुडघ्याचे व छातीचे गार्ड आणि पाण्याची पिशवी धरून ते शंभराच्या पुढे जाते. स्प्रिंगला पेलायचे असते ते हे वजन.

गैरसमज १: प्रीलोड आवळला की स्प्रिंग कडक होते.

वस्तुस्थिती: प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंगला आधीच थोडे दाबून ठेवणारी, चकती फिरवल्याने गाडीची उंची बदलते, स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो. एक मिलिमीटर दबण्यासाठी आवळण्याआधी जेवढे जादा वजन लागत होते, तेवढेच नंतरही लागते.

हे टेपने मोजून पाहता येते. त्यासाठी मागच्या चाकाच्या एक्सलपासून सरळ वर मागच्या पॅनलवर एक खूण करावी आणि हे अंतर तीन वेळा मोजावे: चाक हवेत लटकते असताना, गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना आणि चालक पूर्ण पेहरावात गाडीवर बसलेला असताना. समजा, ही मापे ६००, ५८३ आणि ५३३ मिलिमीटर आली. म्हणजे गाडी स्वतःच्या वजनाने १७ आणि चालकासह एकूण ६७ मिलिमीटर दबली. या दबण्याला सॅग म्हणतात. एक्सपल्स २०० च्या मागच्या चाकाला एकूण १७० मिलिमीटर हालचाल मिळते. चालकासह सॅग तिच्या साधारण तीस टक्के, म्हणजे ५० मिलिमीटरच्या आसपास असावा. इथे तो जवळजवळ चाळीस टक्के आहे.

आता प्रीलोड वाढवून ६७ चे ५२ केले, तर गाडीचा स्वतःचा सॅगही तेवढाच घटून १७ वरून २ वर येतो. फक्त चालकाच्या वजनाने होणारे दबणे मात्र आधीही ५० होते आणि आताही ५० च आहे. चालकासह सॅग बरोबर, पण रिकामी गाडी जवळजवळ दबतच नाही, याचा अर्थ स्प्रिंग मऊ आहे. ती आणखी आवळून उपयोग नाही, बदलावी लागते.

गैरसमज २: रिकामी गाडी दबत नाही, म्हणजे स्प्रिंग फार कडक आहे.

वस्तुस्थिती: चालकासह सॅग बरोबर असेल, तर निष्कर्ष नेमका उलटा निघतो. मऊ स्प्रिंग जास्त आवळून ठेवल्यामुळेच रिकामी गाडी वर ताणून राहते. अशा गाडीच्या चाकाला खड्ड्यात खाली उतरायला जागा उरत नाही आणि उतारावर ब्रेक लावताना मागचे चाक जमीन सोडते.

गैरसमज ३: फोर्कमध्ये जाड तेल भरले की वजनाचा प्रश्न सुटतो.

वस्तुस्थिती: तेल वजन पेलत नाही. उभ्या गाडीवर चालक बसला की १० ग्रेडचे तेल असो वा २० ग्रेडचे, फोर्क शेवटी तेवढाच दबतो. जाड तेलाने हालचाल संथ होते. परिणामी लहान दगडांचे हादरे थेट हातात येतात. शिवाय एकामागून एक येणाऱ्या खड्ड्यांत फोर्क पुरता वर येण्याआधीच पुन्हा दबतो, आणि पाच-सहा खड्ड्यांनंतर त्याच्यापाशी हालचाल शिल्लक राहत नाही.

तेलाच्या पातळीचा परिणाम वेगळा असतो. पातळी थोडी वाढवली की वरची हवेची पोकळी लहान होते आणि शेवटच्या टप्प्यात फोर्क जास्त विरोध करतो. मोठ्या उडीनंतर बसणारा ठोका त्यामुळे कमी होतो. ही पातळी स्प्रिंग बाहेर काढून आणि फोर्क पूर्ण दाबून मोजायची असते. ती मर्यादेबाहेर वाढवली, तर ऑइल सीलवर दाब येऊन गळती सुरू होते.

गैरसमज ४: वजन मागे पडते, म्हणून मागचा शॉकअप बदलला की पुरे.

वस्तुस्थिती: बसून चालवताना वजनाचा मोठा वाटा मागे जातो हे खरे. पण खडकाळ वाटेवर चालक उभा राहून चालवतो, आणि उतारावर ब्रेक लावताना भार पुढे येतो. मागची स्प्रिंग कडक आणि पुढची मऊ राहिली, तर नाक खाली झुकते व हँडल चंचल होते. उलट मागची बाजू खचलेली असली, तर पुढचे चाक हलके पडते आणि वळणावर बाहेर सरकते. स्प्रिंग पुढची आणि मागची, दोन्ही एकाच हिशोबाने निवडावी लागते.

गैरसमज ५: दुसऱ्या गाडीचा शॉकअप लांबीला जुळला की चालतो.

वस्तुस्थिती: मागचे चाक धरणारा चिमटा (स्विंगआर्म) आणि त्याला शॉकअपशी जोडणारे लिंकेज मिळून तरफेचे काम करतात. शॉकअप एक मिलिमीटर दबताना चाक तीन मिलिमीटर हलत असेल, तर चाकाशी जाणवणारा कडकपणा स्प्रिंगच्या कडकपणाच्या एक नवमांश असतो, कारण गुणोत्तराचा वर्ग होतो. हेच गुणोत्तर अडीच असेल, तर तीच स्प्रिंग चाकाशी सुमारे ४४ टक्के अधिक कडक ठरते. त्यामुळे एका गाडीवर योग्य असलेली स्प्रिंग दुसरीवर मऊ किंवा दगडासारखी होऊ शकते. दोन टोकांतल्या छिद्रांमधले अंतर जुळले, तरी शॉकअपची दबण्याची लांबी जास्त असल्यास चाक मडगार्डला घासू शकते.

गैरसमज ६: हालचाल जास्त म्हणजे वजन पेलण्याची ताकद जास्त.

वस्तुस्थिती: २०२३ मध्ये आलेल्या एक्सपल्स २०० ४व्ही प्रो या गाडीला पुढे २५० आणि मागे २२० मिलिमीटर हालचाल आहे. साध्या एक्सपल्सला ती १९० आणि १७० आहे. त्या जास्तीच्या हालचालीमुळे मोठे अडथळे पचतात, पण सीट ८९१ मिलिमीटर उंचीवर जाते. वजनाला पुरेशी स्प्रिंग नसेल, तर लांब सस्पेन्शनही खचते. फक्त ते जास्त उंचीवरून खचते.

गैरसमज ७: कडक स्प्रिंग बसवली की काम संपले.

वस्तुस्थिती: कडक स्प्रिंग दबल्यावर अधिक जोराने परत येते. तिला आवरणारे रिबाउंड डॅम्पिंग जुनेच राहिले, तर धोंड्यावरून जाताना सीट चालकाला वर फेकते. समायोजनाचा स्क्रू असल्यास तो एकेक टिक आवळून पाहावा. स्क्रू नसल्यास किंवा पुरत नसल्यास शॉकअप उघडून झडपांवरच्या पातळ चकत्यांची रचना बदलावी लागते. अनेक शॉकअपमध्ये नायट्रोजन दाबाखाली भरलेला असतो, त्यामुळे हे काम योग्य साधने असलेल्या कारागिराकडेच द्यावे.

गैरसमज ८: गाडी खाली आदळते, म्हणजे नवा महागडा शॉकअप घ्यायलाच हवा.

वस्तुस्थिती: जुन्या गाडीत निम्मा दोष झिजेचा असू शकतो. फोर्कचे तेल काळे पडलेले असते, बुश झिजलेले असतात, चिमट्याच्या आणि लिंकेजच्या बेअरिंगमध्ये चिखल जाऊन गंज धरलेला असतो. अडखळणाऱ्या बेअरिंगमुळे सॅगची मापेही खोटी येतात. चाळिशी ओलांडणाऱ्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पातळ झालेले जुने तेल डॅम्पिंग आणखी कमी करते. मोठ्या उडीनंतर क्वचित एखादा हलका ठोका लागणे सामान्य आहे. प्रत्येक गतिरोधकावर ठोका लागत असेल, तर स्प्रिंग किंवा डॅम्पिंग कमी पडते आहे.

या सगळ्यावरून कामाचा क्रम ठरतो. आधी बेअरिंग, बुश, सील आणि तेल ठीक करावे. मग पूर्ण पेहरावात पुढचा आणि मागचा सॅग मोजावा. त्या मापांवरून दोन्हीकडच्या स्प्रिंग निवडाव्यात. वरच्या उदाहरणात चालकामुळे होणारे दबणे ५० वरून ३८ मिलिमीटरपर्यंत आणायचे, तर मागची स्प्रिंग अंदाजे १.३ पट कडक लागेल. लिंकेजचे गुणोत्तर हालचालीसोबत बदलते, म्हणून नवी स्प्रिंग बसवल्यावर सॅग पुन्हा मोजावा आणि प्रीलोडने बारीक जुळवणी करावी. डॅम्पिंगला हात त्यानंतर घालावा. एवढे करूनही कमतरता राहिली, तरच पूर्ण नव्या शॉकअपवर खर्च करणे योग्य ठरते.