पाच फेऱ्यांचा पाऊस

पंचांगात मृगापासून पुढच्या प्रत्येक पर्जन्यनक्षत्राला एक वाहन दिलेलं असतं. ढोबळ रीत अशी, की सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊने भागायचं आणि उरलेल्या आकड्यावरून हत्ती, घोडा, मेंढा, गाढव, कोल्हा, उंदीर, मोर, म्हैस, बेडूक यांपैकी एक प्राणी ठरवायचा. बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला की पाऊस भरपूर. मोर, गाढव, उंदीर आले तर मध्यम. कोल्हा किंवा मेंढा निघाला की म्हातारी माणसं पंचांग मिटून ठेवायची. गेली बरीच वर्षं मी मुखेडच्या आसपासच्या गावांत फिरून पावसाबद्दलच्या अशा समजुती वहीत उतरवून घेतो आहे. कुठल्या विद्यापीठाची पदवी माझ्याकडे नाही. वाचत गेलो, विचारत गेलो, तेवढाच अभ्यास. वाहन आणि प्रत्यक्ष पडलेला पाऊस यांचा मेळ माझ्या वहीत कधी धड बसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगून टाकतो.

ती वही एकदा माझ्या भाच्याने चाळली. लातूरला शिकतो, सुटीत आमच्याकडे येतो आणि त्याच्या आईच्या मते दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो. बेडकापाशी बोट ठेवून तो म्हणाला, "मामा, माझ्या टीममध्ये पण पाऊस पाडणारा बेडूक आहे." मला वाटलं, चेष्टा करतोय. ताईने त्याला दोन शब्द समजावून सांगायला म्हणून माझ्याकडे धाडलं होतं. झालं असं, की त्यानेच मला शिकवलं, आणि त्या शिकवणीतून हा लेख निघाला. दिवाळी अंकाच्या वाचकाला हा विषय पोरकट वाटेल याची मला कल्पना आहे. पण कोरडवाहू मुलखातला माणूस ज्या एका प्रश्नाशी जन्मभर झटतो, तोच या खेळाच्या मुळाशी आहे: ज्याचं सगळं बळ पावसावर अवलंबून आहे, त्याच्यावर भिस्त ठेवायची ती किती आणि कशी?

खेळाचं नाव पोकेमॉन. १९९६ साली जपानमध्ये आला. तो घडवणारे सातोशी ताजिरी लहानपणी टोकियोजवळच्या माचिदा भागात किडे पकडत हिंडायचे. तो छंद त्यांनी खेळात उतरवला. आज त्यातल्या काल्पनिक प्राण्यांची संख्या हजाराच्या वर गेली आहे. कार्टून पाहिलेली पिढी आता तिशीत आहे, तिला पिवळा पिकाचू ठाऊक असतो. स्पर्धेतला खेळ मात्र वेगळा, बुद्धिबळाच्या जवळचा. अधिकृत जागतिक स्पर्धेत प्रत्येकाकडे सहा प्राणी असतात. समोरच्याचे सहा पाहून त्यातले चार निवडायचे आणि एका वेळी दोन मैदानात उतरवायचे. दोघेही आपापली चाल गुपचूप ठरवतात, मग त्या एकदम उघड होतात. अशी एक फेरी संपली की दुसरी. मुलं तिला टर्न म्हणतात. ज्याच्या प्राण्याची चपळाई जास्त, त्याचा घाव आधी बसतो. पहिला घाव कोणाचा, यावर बहुतेक डाव ठरतो.

पहिल्या खेळांत हवामान नव्हतं. ते १९९९च्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर'मध्ये आलं: पाऊस, ऊन आणि वाळूचं वादळ. कुणीतरी आपली एक चाल खर्चून ते बोलवायचं आणि ते पाच फेऱ्या टिकायचं. पावसात पाण्याचा घाव दीडपट होतो, आगीचा निम्मा. उन्हात याच्या उलट. वीज पाडण्याची एक चाल एरवी शंभरात सत्तर वेळाच लागते, पावसात ती चुकतच नाही आणि उन्हात शंभरात पन्नासवर येते. एका सौरकिरणाच्या चालीला एरवी एक फेरी ऊन साठवत थांबावं लागतं, उन्हात ती ताबडतोब सुटते. ज्याने कुणी हे नियम आखले त्याने आभाळाकडे नीट पाहिलं असणार.

२००२च्या 'रुबी' आणि 'सफायर'ने आणखी दोन गोष्टी आणल्या. काही प्राणी नुसते मैदानात आले तरी त्यांच्या अंगच्या गुणाने हवामान बदलू लागलं. आणि काही प्राण्यांना असा गुण मिळाला, की विशिष्ट हवामानात त्यांची चपळाई दुप्पट व्हावी. आपला विषय हा दुसरा गट. (कॅस्टफॉर्म नावाचा एक प्राणी हवा पाहून रूपच बदलतो. त्याची सगळी अंगं मध्यमच, म्हणून स्पर्धेत त्याला फारसं कुणी घेत नाही. राजकारणात त्याची कारकीर्द बरी झाली असती.)

उदाहरण म्हणून किंगड्रा घेऊ. समुद्रघोड्यासारखा दिसतो, पाणी आणि ड्रॅगन अशा दोन जातींचा. पन्नासाव्या पातळीवर, चपळाईची पूर्ण तालीम दिली तरी तिचा आकडा १३७ होतो. तेवढीच तालीम दिलेल्या गार्चॉम्प या नेहमी भेटणाऱ्या प्राण्याचा आकडा १५४. म्हणजे कोरड्या मैदानात गार्चॉम्प आधी मारणार, आणि किंगड्राला तो एक घावच भारी पडू शकतो. पाऊस सुरू झाला की किंगड्राचा आकडा २७४ होतो आणि जवळजवळ सगळं प्राणिजगत त्याच्या मागे पडतं. त्याच्या मोठ्या पाणचालीचं बळ ११०. आपल्याच जातीची चाल म्हणून दीडपट, म्हणजे १६५. पावसामुळे पुन्हा दीडपट, म्हणजे साधारण २४७. तोच प्राणी, तीच चाल. फरक फक्त आभाळाचा.

हा हिशेब कळला तेव्हा मी नवशिक्याची ठरलेली चूक केली. भाच्याने मोबाइलवर 'शोडाउन' नावाचा फुकट चालणारा सरावाचा आखाडा उघडून दिला. मी पाऊस आणणारे, पावसात पळणारे, पावसात मारणारे असे सहाच्या सहा पाण्याचे प्राणी घेतले आणि किंगड्राला आधीच मैदानात सोडलं. पाऊस मागून आणू, असा विचार. दुसऱ्या फेरीत तो गेला. "मामा, घाई केलाव तुम्ही," एवढंच भाचा म्हणाला.

घाई कशी केली हे त्याने बोटं मोजून दाखवलं. समजा डाव चालू असताना तुम्ही बेडूक आत आणला. त्याचं नाव पॉलिटोड, २०१०पासून त्याला येता येताच पाऊस पाडायचा गुण मिळाला आहे. त्याला आत आणण्यात एक फेरी गेली. तो मागे घेऊन किंगड्रा आणला, दुसरी गेली. पाचातल्या उरल्या तीन. समोरचा एका फेरीत नुसता बचाव करून बसला, तर उरल्या दोन. म्हणजे कागदावर २७४ चपळाईचा जो वीर दिसतो, तो प्रत्यक्षात दोन घावांचा धनी. म्हणून जाणते खेळाडू बेडूक आणि किंगड्रा पहिल्याच फेरीला जोडीने उतरवतात, म्हणजे पाचही फेऱ्या हाती लागतात. दुसरा उपाय, पाऊस आणणाऱ्याच्या अंगावर एक ओलसर दगड बांधायचा. मग पाऊस आठ फेऱ्या टिकतो. पण प्रत्येक प्राण्याला एकच वस्तू बाळगता येते. दगड घेतला की जीव वाचवणारी दुसरी वस्तू सोडावी लागते.

समोरचाही गप्प बसलेला नसतो. तो आपलं हवामान घेऊन येतो. इथे मला सगळ्यात आवडलेला नियम आहे. दोन्हीकडचे हवामान आणणारे एकदमच उतरले, तर चपळ असेल त्याचा गुण आधी लागू होतो आणि मंद असेल त्याचा नंतर; म्हणून टिकतं ते मंद प्राण्याचं हवामान. बेडकाच्या चपळाईचा मूळ आकडा ७०. पेलिपर नावाच्या पाणपक्ष्याचा ६५. त्यालाही २०१६पासून पाऊस आणता येतो. ऊन आणणारं कासव टॉरकोल अवघं २० वर आहे. समोरासमोर उतरले तर कासवाचं ऊन बेडकाच्या पावसाला पुसून टाकतं. मग बेडकाला मागे घेऊन योग्य वेळी परत आणायचं, हा हवामानासाठीचा डावपेच सुरू होतो. कधी कधी अख्खा सामना एवढ्यासाठीच खेळला जातो.

शिवाय पाऊस कुणा एकाच्या बाजूने पडत नाही. तुम्ही बोलावलेल्या पावसात समोरच्याची पाणचालही दीडपट होते, त्याची वीजही अचूक पडते. काही प्राणी पाण्याचा घाव पिऊनच ताजेतवाने होतात. गोल्डकसारखा एखादा मैदानात असेतोवर हवामानाचा परिणामच थांबवून ठेवतो. पाऊस दिसतो पण लागत नाही. आणि एक चाल अशी आहे, की पाच फेऱ्या मंद प्राणी आधी मारतात आणि चपळ मागून. तीत किंगड्राचं २७४ हेच त्याचं मरण ठरतं.

पाऊस संपलाच नाही तर काय होतं, हेही या खेळाने एकदा पाहून घेतलं आहे. २००२पासून अंगच्या गुणाने आणलेलं हवामान आपोआप संपत नसे, दुसरं येईपर्यंत टिकायचं. सुरुवातीला पावसाचा हा गुण क्योगर या एका महाबली प्राण्याकडेच होता आणि त्याला बऱ्याच स्पर्धांत बंदी असे, म्हणून निभावलं. २०१०मध्ये तो साध्या बेडकाला मिळाला आणि कधी न ओसरणाऱ्या पावसात दुप्पट वेगाचे प्राणी मोकाट सुटले. २०११मध्ये स्मोगॉन या खेळाडूंच्या समुदायाने आपल्या मुख्य गटात नियम केला, की पाऊस आणणारा गुण आणि पावसात वेग दुप्पट करणारा गुण एका संघात नको. पुढे २०१३च्या 'एक्स' आणि 'वाय' या खेळांत कंपनीनेच असं हवामान पाच फेऱ्यांवर आणलं. मला यात बंदीपेक्षा ती मुदत महत्त्वाची वाटते. फेऱ्या मोजाव्या लागल्या, तेव्हाच पावसावरचा प्राणी वापरणं ही विद्या झाली.

हे सगळं ऐकताना माझ्या डोक्यात एकच शब्द घोळत होता: वापसा. आमच्या काळ्या रानात पाऊस पडला की लगेच पेरता येत नाही, चिखलात तिफण चालत नाही. फार थांबलं तर वरचा थर सुकतो. मधले मोजके दिवस माती हाताला ओलसर पण मोकळी लागते, तो वापसा. त्या दिवसांत बी पडलं पाहिजे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं, आणि दरवर्षी पहिल्या सरीवर कुणीतरी पेरतंच. मग खंड पडतो, कोंब करपतात आणि दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर आणावं लागतं. पाऊस यायच्या आधी मी सोडलेला किंगड्रा तो हाच. फक्त माझी उधारी झाली नाही.

सहाच्या सहा पाण्याचे, ही माझी दुसरी चूकही ओळखीची निघाली. आमच्या शिवारात आता नजर जाईल तिथवर सोयाबीन असतं. परभणीचं कृषी विद्यापीठ सोयाबीनच्या चार ओळींना तुरीच्या दोन ओळी घ्यायला सांगतं. सोयाबीन दिवाळीच्या सुमाराला निघून जातं, तूर खोल मुळांवर पुढे दोन-तीन महिने उभी राहते. एकाचं गेलं तर दुसरं हाती लागावं. भाच्याने माझा संघ मोडताना केलं तेही साधारण हेच. बेडूक ठेवला, किंगड्रा ठेवला आणि बाकीचे आभाळाकडे न बघता खेळणारे घेतले. समोरच्याकडे कासव दिसलं, तर पावसाची जोडी बाहेरच ठेवायची. चारच तर उतरवायचे असतात.

इथवर तुलना छान जुळत आली होती आणि मी याच ओळीवर लेख संपवणार होतो. मग ऑगस्ट २०२५ उजाडला. महिन्याच्या मध्यावर एका रात्रीत मुखेड तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला. लेंडीच्या पट्ट्यातली हसनाळ, रावणगाव अशी गावं पाण्यात गेली. माणसं गेली. दावणीची जनावरं दावणीलाच गेली. बचावपथकांनी लोकांना पाण्यातून बाहेर काढलं. सप्टेंबरात मराठवाडाभर पुन्हा तेच, उभं सोयाबीन पाण्यात सडलं. याच मुलखाने एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी येताना पाहिलं होतं.

त्यानंतर मी भाच्याला फोन करून एकच गोष्ट विचारली: तुमच्या खेळातल्या पावसाने कुणाला इजा होते का? त्याने आठवून सांगितलं, वाळूचं वादळ दर फेरीला सोळावा हिस्सा जीव काढून घेतं, खडक, माती आणि पोलाद या जाती सोडून. गारपीटही तसाच जीव घ्यायची. २०२२च्या खेळात तिच्या जागी बर्फवृष्टी आली आणि ती इजा बंद झाली. पाऊस मात्र नुसता पडला म्हणून कुणाचा जीव घेत नाही, पहिल्यापासूनच नाही. "पावसाने कसं काय लागेल, मामा?" असं म्हणून तो जरा गप्प झाला. त्याचं आजोळ लेंडीपासून लांब नाही.

दसऱ्याच्या सुटीत तो आला तेव्हा आमच्या मागच्या वावरात अजून पाणी होतं. रात्री ओट्यावर बसून त्याने मला पुन्हा एक डाव खेळायला लावला. पहिल्या फेरीला बेडूक आणि किंगड्रा जोडीने उतरवले. मी बोटांवर फेऱ्या मोजत होतो. तिसरीत समोरच्याने बचाव केला, चौथीत माझी मोठी पाणचाल चुकली; ती शंभरात ऐंशी वेळाच लागते आणि पाऊस त्यात काही फरक करत नाही. पाचवीच्या शेवटी पाऊस थांबल्याची ओळ पडद्यावर आली. किंगड्रा अजून जिवंत होता. त्याला मागे घेऊन मी ढोल वाजवणारा एक माकडासारखा गडी आत आणला. त्याचं नाव भाच्याने दोनदा सांगितलं तरी माझ्या लक्षात राहिलं नाही. तो पावसावर नाही आणि उन्हावरही नाही, एवढं मी आधीच विचारून घेतलं होतं.