पडवीवर झाड पडलं? कौलं चढवायची घाई नको



३ जून २०२० चं निसर्ग वादळ आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात आलेलं तौक्ते, आपल्या कोकणात दोन्ही कोणी विसरलेलं नाही. अशा वाऱ्यात जुन्या कौलारू घराची पडवी आधी सापडते. ती उघडी असते, वारा खालून शिरतो आणि कौलं उचलतो. त्यात दारातला फणस किंवा माड कोसळला की वासेच मोडतात. पण हीच पडवी आपली पापड लाटायची, काजू सोलायची आणि गटाच्या बैठकीची जागा. म्हणून दुरुस्ती क्रमाने करूया.

१. आधी वीज. झाडाखाली तार अडकली असेल तर जवळ जाऊ नका, मुलांनाही जाऊ देऊ नका. महावितरणला १९१२ वर कळवा.

२. मग फोटो आणि पंचनामा. झाड हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा आणि तलाठ्यांना, ग्रामसेवकांना कळवा. घराच्या अंशतः पडझडीला सरकारी मदत मिळायला किमान १५ टक्के नुकसान धरतात. म्हणून नुसती पडवी दाखवून थांबू नका. मुख्य भिंतीला गेलेला तडा, सरकलेले वासे, आतली फुटलेली कौलंही लिहून घ्यायला सांगा. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी पंचनाम्याला तुम्ही हजर राहा. कागद वाचल्याशिवाय सही नको.

३. टेकू दिल्याशिवाय फांदी तोडू नका. कधी कधी मोडलेलं छप्पर त्या फांदीवरच तोललेलं असतं. फांदी काढली की सगळं खाली येतं. आधी मजबूत टेकू लावा, मग शेंड्याकडून थोडं थोडं तोडा.

४. लाकूड तपासा. खांबाचा बुंधा पावसाच्या उडणाऱ्या पाण्याने कुजतो. कोयत्याचं टोक सहज आत गेलं तर तेवढा भाग बदलायला हवा. अख्खा खांब टाकायची गरज नसते. सुतार चांगल्या भागाला नवा तुकडा सांधून देतो. बुंधा मातीत न ठेवता दगडावर बसवा. पडलेल्या फणसाचं लाकूड चांगलं असतं, पण ओलं वापरू नका. वाळताना ते पिळतं.

५. कौलं शेवटी. तोवर ताडपत्री बांधा. मंगलोरी कौलांची मापं कारखान्यागणिक वेगळी असतात. जुनी-नवी एकत्र लावली तर नीट बसत नाहीत आणि गळती होते. शाबूत जुनी कौलं मोजून एका बाजूला लावा, नवी दुसऱ्या बाजूला. वळचणीची कौलं तारेने रिपांना बांधा, वासे लोखंडी पट्टीने तुळईला. पुढच्या वाऱ्यात हीच बांधणी कामाला येते.

पैशाचं काय? घाईत सावकाराकडे जाऊ नका. सुतार, लाकूड, कौलं, मजुरी असा खर्च कागदावर मांडा आणि गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्ज मागा. ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधी असेल तर तिथेही अर्ज करा. मदत मिळेल तेव्हा मिळेल, पाऊस थांबणार नाही.

पुढच्या बैठकीत एवढं नक्की करा: प्रत्येकीने आपल्या पडवीचे खांब तपासून यायचं. एकट्या राहणाऱ्या ताईंकडे दोघींनी जाऊन बघायचं. कुजलेला खांब मे महिन्यात सापडला तर जूनमध्ये छप्पर वाचतं.