नांगर विकायला निघालेलं मासिक

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पहिले लोखंडी नांगर तयार झाले तेव्हा त्यांच्याकडे कारखाना होता, कारागीर होते, माल खणखणीत होता. फक्त गिऱ्हाईक नव्हतं. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीची, बेळगावातली ही गोष्ट. अख्खा नांगरच लोखंडाचा असेल तर जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. आजोबा-पणजोबांनी लाकडी नांगर धरला, जमिनीने त्यांना पोसलं. मग हे काळं धूड शेतात घालून वर्ष पणाला कोण लावणार? पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली, असं सांगतात.

तिथून तीसेक वर्षं पुढे या. १९३०च्या दशकात ‘किर्लोस्कर’ हेच नाव मुंबईच्या चाळीत, पुण्याच्या वाड्यात, कुंडीपुरतीही माती नसलेल्या घरांत उत्सुकतेने वाचलं जात होतं. मासिकाचं नाव होतं ते. ज्यांना आयुष्यात नांगराला हात लावायचा नव्हता अशी माणसं एका नांगरवाल्याच्या मासिकाची वाट पाहत होती. धंद्यासाठी लिहिलेल्या मजकुरात वाचक ओढण्याची ताकद किती असू शकते, हे पाहायचं तर मला याहून विलक्षण उदाहरण मराठीत दुसरं दिसत नाही.

लक्ष्मणराव मुळात शिक्षक. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकले, पण रंगांधळेपण आडवं आलं. मग मुंबईच्या व्ही. जे. टी. आय.मध्ये यांत्रिक ड्रॉइंग शिकवू लागले. पुढे बेळगावात भावाबरोबर सायकलींचं दुकान चालवलं, तेव्हा ते सायकल विकत आणि चालवायलाही शिकवत. या तपशिलापाशी मी दर वेळी थांबतो. ज्या वस्तूवर बसायची भीती वाटते ती वस्तू कोण विकत घेईल? आधी भीती जायला हवी. ती घालवणं हेही विकणाऱ्याचंच काम, हे त्या दुकानाला उमगलं होतं. नांगर करायला घेतला तेव्हा मात्र गिऱ्हाईक गावोगाव विखुरलेलं होतं. प्रत्येकाला हाताला धरून शिकवायला माणसं कुठून आणणार?

बेळगावची जागा नगरपालिकेच्या योजनेत गेली. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले, आणि १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना नव्याने उभा राहिला. तीच आजची सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. इथे लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव आले. मराठी वाचक त्यांना शंवाकि म्हणून ओळखतो. हा माणूस चित्रकार, व्यंगचित्रकार. कारखान्यात त्याच्याकडे जाहिरातीचं आणि विक्रीचं काम आलं, आणि १९२० मध्ये त्याने ‘किर्लोस्कर खबर’ नावाचं एक पत्रक सुरू केलं. कारखाना, माल आणि गिऱ्हाईक यांच्याभोवती फिरणारं. १९२९ मध्ये त्याचंच ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, १९३० मध्ये ‘स्त्री’ आलं, १९३४ मध्ये ‘मनोहर’. एका माळावरच्या कारखान्यातून तीन मासिकं!

आता एक योगायोग पाहा; तो योगायोग नाही, असंच मला वाटत आलं आहे. अमेरिकेतल्या जॉन डिअर कंपनीने ‘द फरो’ नावाचं शेतकऱ्यांसाठीचं नियतकालिक १८९५ मध्ये काढलं, आणि ते आजही निघतं. धंद्याने गिऱ्हाइकासाठी काढलेल्या लिखाणाचा इतिहास सांगताना जगभर सहसा पहिलं उदाहरण याचंच दिलं जातं. जॉन डिअर मुळात काय विकत होता? नांगर. इलिनॉयची चिकट माती बिडाच्या नांगराला चिकटून बसायची, म्हणून त्याने १८३७ मध्ये गुळगुळीत पोलादी नांगर बनवला. जगाच्या दोन टोकांना, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या दोन घराण्यांनी आपल्या गिऱ्हाइकासाठी लिहायला घेतलं, आणि दोघंही नांगरवाले!

असं का झालं असेल? नांगर घेणाऱ्याच्या जागी उभं राहून बघा. ही खरेदी कित्येक वर्षांतून एकदाची. किंमत खिशाला चटका देणारी. दुकानात नांगर चालवून पाहता येत नाही. चांगला की वाईट ते शेतात गेल्यावर कळणार, आणि वाईट निघाला तर सबंध हंगाम हातचा गेला. विकणाऱ्याला नांगराबद्दल सगळं ठाऊक, घेणाऱ्याला काहीच नाही.

या असमान ज्ञानाचं बाजारात काय होतं, हे जॉर्ज अॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींचं उदाहरण घेऊन दाखवलं. चांगली गाडी कुठली आणि रडकी कुठली हे घेणाऱ्याला ओळखता येत नसेल, तर तो सगळ्याच गाड्यांना मधला भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, तो बाजारातून बाहेर पडतो, आणि उरतात त्या रडक्या गाड्या. नामांकित नियतकालिकांनी एकामागून एक परत पाठवलेल्या या निबंधातल्या विचाराला २००१ मध्ये नोबेल मिळालं. मला त्यातली भयंकर गोष्ट ही वाटते की यात कोणीही लबाड असायची गरज नाही. नुसतं अज्ञान पुरतं. घेणाऱ्याला पारख नसली की प्रामाणिक माणसाचा धंदा बुडतो.

म्हणून प्रामाणिक विकणाऱ्याला एक वेगळंच काम अंगावर घ्यावं लागतं: गिऱ्हाइकाला पारख शिकवायची. लिखाण हे काम करतं ते असं. वस्तू विकत घेऊनच तपासता येते, पण सल्ला फुकट तपासता येतो. वाचक घरी जाऊन करून बघतो, सांगितलं तसंच निघतं, आणि ज्याचं शब्दांतलं ज्ञान खरं निघालं त्याचा मालही खरा असेल, असं त्याला वाटू लागतं. हा विश्वास खरेदीच्या आधी तयार होतो, कधी कधी कित्येक वर्षं आधी. फ्रान्सच्या मिशेलिन बंधूंनी १९०० मध्ये मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शिका छापली तेव्हा देशात तीन हजारसुद्धा मोटारी नव्हत्या, आणि प्रती काढल्या ३५,०००! टायर कसा बदलावा, पेट्रोल कुठे, मेकॅनिक कुठे, मुक्काम कुठे, असली माहिती, आणि तीही फुकट. लोक फिरतील, टायर झिजतील, नवे लागतील, इतकं दूरचं गणित. त्याच मार्गदर्शिकेचे तारे मिळवण्यासाठी आज जगभरचे बल्लवाचार्य जिवाचं रान करतात.

आता हेच आजच्या बाजारात पाहायला आपण सिल्व्हर पार्कला येऊ. मुंबईलगतच्या मीरा-भाईंदर रोडवरचा हा नाका. डोक्यावरून मेट्रो ९ चा मार्ग, खाली रिक्षांची गर्दी, दोन्ही अंगांना सोसायट्या आणि त्यांच्या तळमजल्यांवर दुकानांची रांग. यातल्या वडापावच्या गाडीला लिहायची काही गरज नाही. वडापावची पारख पहिल्या घासाला होते. न आवडला तर उद्या दुसरी गाडी. पण वॉटरप्रूफिंग करणारा? दाताचा दवाखाना, क्लासेस, मॉड्युलर किचन? हे सगळे आजचे नांगरवाले. खरेदी क्वचितची, रक्कम मोठी, चूक कळते ती पैसे दिल्यावर.

यातला वॉटरप्रूफिंगवाला घ्या. मीरा रोडच्या कितीतरी इमारती १९८० आणि ९०च्या दशकांतल्या. एका अंगाला खाडी, मिठागरांचा टापू, खारी हवा. पावसाळ्यात बेडरूमच्या भिंतीवर डाग उमटतो, पोपडे सुटतात, दिवाळीला रंग लागतो, पुढच्या जुलैत डाग पुन्हा हजर. घरमालकाला वाटतं रंग खराब होता. त्याला कोणी सांगितलेलंच नसतं की डाग दिसतो तिथेच पाणी शिरलेलं असेल असं नाही. पाणी बाहेरच्या भिंतीच्या चिरेतून किंवा वरच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपच्या सांध्यातून आत येतं, स्लॅबमध्ये उतार शोधत सरकतं, वायरिंगच्या पाइपमधून वाट काढतं, आणि कधी कधी भलत्याच खोलीत बाहेर पडतं. वाटेत ते सळईला गाठतं. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतं, म्हणून गंज काँक्रीटला आतून ढकलतो आणि छताचा तुकडा खाली येतो. नुसता गंज, पण काँक्रीट फोडतो!

मग दोष कुणाचा, हे कसं ओळखायचं? पहिली कसोटी कॅलेंडरची. डाग जानेवारीतही ओलाच असेल, तर पाऊस निर्दोष; वरचं बाथरूम किंवा पाइप तपासा. फक्त पावसात ओला होत असेल, तर बाहेरची भिंत किंवा गच्ची. दुसरी कसोटी कोरड्या दिवसांतली: वरच्या बाथरूमची जाळी बंद करून जमिनीवर थोडं पाणी चोवीस तास साठवून ठेवायचं आणि खाली डाग वाढतो का ते पाहायचं. आणि खर्च? महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याने आणि बाहेरच्या सामाईक पाइपांमुळे होणाऱ्या गळतीची दुरुस्ती सोसायटीने करायची. संडास, सिंक यांच्यामुळे होणारी आतली गळती सभासदाने. या एका भेदाच्या अज्ञानापायी वरच्या-खालच्या शेजाऱ्यांची वर्षानुवर्षं बोलाचाल बंद राहते.

हे वाचताना तुमच्यापैकी काहींनी मान वर करून आपल्याच छताकडे पाहिलं असेल. दोन परिच्छेदांत कोणी तुम्हाला काही विकलं नाही. किमतीचा आकडा नाही, ‘त्वरा करा’ नाही. तरी हा मजकूर सिल्व्हर पार्कच्या एखाद्या वॉटरप्रूफिंगवाल्याच्या नावाने तुमच्या हाती आला असता, तर पुढच्या जुलैत तुम्हाला कोण आठवला असता?

असं लिहिता येण्यासाठी साहित्यिक असावं लागत नाही. रोज गल्ल्यावर जे विचारलं जातं ते ऐकावं लागतं, आणि विचारणाऱ्याच्याच शब्दांत. ‘टेरेस मेम्ब्रेन सोल्युशन’ असं कोणी विचारत नाही. ‘रंग लावला तरी ओल परत का येते?’ असं विचारतात. मग मथळाही तोच, आणि लेखात त्या एकाच प्रश्नाचं उत्तर, हात न आखडता दिलेलं. इथेच बहुतेक धंदेवाल्यांचा धीर सुटतो. सगळं सांगून टाकलं तर आपल्याकडे कोण येईल, ही भीती. माझं उत्तर असं की सांगितल्यावर काही जण खरंच स्वतः करून घेतील, आणि ते तसेही तुमचे गिऱ्हाईक नव्हतेच. बाकीच्यांना काम किती किचकट आहे हे पहिल्यांदाच कळेल, आणि ते जाणत्या माणसाला शोधतील. दर कशाने वाढतो, कशाने उतरतो, हेही लिहावं. आणि सर्वांत अवघड ते जरूर लिहावं: आमचं काम तुम्हाला कधी नको. ‘फक्त नळाचा वायसर गेला असेल तर आम्हाला बोलावू नका, प्लंबर पुरे,’ हे वाक्य स्वतःच्या नावाने लिहायला छाती लागते, आणि लबाडाला ते परवडत नाही. म्हणून तर वाचक त्यावर भरवसा ठेवतो. ते लिहावंही ज्याचे हात सिमेंटने माखतात त्याने. निदान त्याने सांगावं आणि दुसऱ्याने उतरवून घ्यावं. इंटरनेटवरून गोळा केलेल्या मजकुराला खाऱ्या हवेचा वास येत नाही.

किर्लोस्करांकडे परत यायला हवं, कारण खरं आश्चर्य पुढेच आहे. गिऱ्हाइकासाठी लिहिता लिहिता तो मजकूर गिऱ्हाइकाच्या सबंध आयुष्याला भिडला. ज्याला नांगर विकायचा त्याला नवं यंत्र स्वीकारता यायला हवं. त्यासाठी जुनं तपासून पाहायची सवय हवी. ती सवय घरात यायची तर घरातल्या बाईने वाचायला हवं. ‘स्त्री’ मासिकापर्यंतचा हा रस्ता मला तर सरळ दिसतो. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे निबंध १९३०च्या दशकात ‘किर्लोस्कर’मध्ये आले आणि घराघरांत वाद पेटले. लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीने ज्यांचा नांगर दोन वर्षं अडवला, त्यांच्याच छापखान्यातून अंधश्रद्धेवर नांगर फिरू लागला! हे सगळं कोणी आधी योजून केलं असेल असं मला वाटत नाही. शंकररावांनी गिऱ्हाइकाची अडचण मनापासून शोधली, आणि ती नांगराच्या पलीकडे निघाली.

सिल्व्हर पार्कच्या दुकानदाराला तीन मासिकं काढायची नाहीत. त्याचा एक चांगला लेख कुण्या सेक्रेटरीच्या फोनवर पोचतो, तिथून सोसायटीच्या ग्रुपवर, तिथून शेजारच्या सोसायटीत. आणि तो जुना होत नाही, कारण पाऊस दर वर्षी येतो. मग एके दिवशी फोन वाजतो. पलीकडची बाई ‘भाव काय?’ असं विचारत नाही. ती म्हणते, ‘दादा, आमचा डाग जानेवारीतही ओलाच होता. वरच्यांकडे पाणी साठवूनही पाहिलं, चोवीस तासांत वाढला. तुम्ही कधी येता?’