दुसऱ्याच्या जमिनीवर आपले घर

थायलंडमध्ये परदेशी माणसाला घराचे मालक होता येते, घराखालच्या जमिनीचे नाही. फुकेत, को समुई, हुआ हिन, पट्टाया, चिआंग माई इथे निवृत्तीनंतर स्थायिक होणाऱ्या युरोपीय लोकांनी गेल्या काही दशकांत हजारो घरे बांधली आणि त्यांतल्या बऱ्याच घरांच्या अंगणात निळा जलतरण तलाव आहे. अलीकडे मुंबई-पुण्याच्या गुंतवणूकदारांसमोरही असे बंगले ‘व्हिला’ म्हणून ठेवले जातात. छायाचित्रात तलाव, ताडाची झाडे आणि उतरते छप्पर दिसते. पण घर टिकणार की नाही हे त्याखालची माती आणि पाणी ठरवतात, आणि ते आपले राहणार की नाही हे जमीन कार्यालयातले कागद. म्हणून सुरुवात तिथूनच करायला हवी.

१९५४ च्या जमीन संहितेचे ८६ वे कलम परदेशी व्यक्तीला आंतरराष्ट्रीय कराराच्या आधारेच जमीन घेऊ देते आणि आज असा एकही करार अस्तित्वात नाही. अपवाद आहे, तोही मोठ्या धनवानासाठी. चार कोटी बाट ठरावीक क्षेत्रांत गुंतवले आणि गृहमंत्र्यांची परवानगी मिळाली, तर राहण्यापुरती एक राई जमीन घेता येते. राई म्हणजे १,६०० चौरस मीटर, आपले जवळजवळ सोळा गुंठे. तिचे चार ‘न्गान’ होतात आणि एका न्गानात शंभर ‘तारांग वा’. भाव बहुधा तारांग वावर, म्हणजे चार चौरस मीटरवर सांगितला जातो. आपल्या चौरस फुटाच्या सवयीने तो आकडा ऐकला तर हिशेब चुकतो.

उरलेल्यांसाठी मुख्य वाट भाडेपट्ट्याची. दिवाणी संहितेप्रमाणे तो जास्तीत जास्त ३० वर्षांचा असतो, आणि तीन वर्षांहून मोठा पट्टा जमीन कार्यालयात नोंदवला नाही तर तीन वर्षांपलीकडे टिकत नाही. विक्रेते ‘तीस अधिक तीस अधिक तीस’ असे सांगतात. यातली पहिली तीसच नोंदणीत येतात. पुढच्या नूतनीकरणाचे वचन देणाऱ्यापुरते असते. जमीन विकली गेली तर नव्या मालकावर ते बंधनकारक नसते. नव्वद वर्षांच्या भरवशावर पैसे मोजणारा माणूस प्रत्यक्षात तीस वर्षेच विकत घेतो.

दुसरी वाट थाई पत्नीच्या किंवा पतीच्या नावाने जमीन घेण्याची. त्या वेळी दोघांनाही जमीन कार्यालयात लिहून द्यावे लागते, की पैसा थाई जोडीदाराचा स्वतःचा आहे, परदेशी जोडीदाराचा त्यावर हक्क नाही. पुढे जमीन वारसाने परदेशी जोडीदाराकडे आलीच, तर ती साधारण वर्षभरात विकावी लागते. तिसरी वाट कागदोपत्री थाई भागधारक उभे करून कंपनीच्या नावाने जमीन घेण्याची. ही वाट नाहीच. नावापुरते भागधारक उभे करणे कायद्याने गुन्हा आहे आणि सरकार अशा कंपन्यांची चौकशी करते. एजंट कितीही सहज बोलला, तरी या रस्त्याला जाऊ नये.

घर मात्र जमिनीपासून वेगळे काढता येते. थाई कायद्यात दुसऱ्याच्या जमिनीवर इमारतीची मालकी ठेवण्याचा स्वतंत्र हक्क आहे आणि तो जमिनीच्या दस्तावर नोंदवता येतो. इमारतीला जमिनीसारखा मालकीचा दस्त नसतो, म्हणून बांधकाम परवाना आपल्याच नावाने काढणे आणि ठेकेदाराचा करार व पावत्या आपल्या नावाने ठेवणे हाच मालकीचा पुरावा ठरतो. घर पूर्ण झाल्यावर ‘ताबियन बान’ नावाची घरनोंदवही मिळते. थाई लोकांची निळी, परदेशी लोकांची पिवळी. ती राहण्याची नोंद आहे, मालकीची नव्हे. तरी अनेक जण ती हातात आली की निर्धास्त होतात.

जमिनीच्या दस्तांतही उतरंड आहे. राजा चुलालोंगकोर्न यांच्या काळात, १९०१ मध्ये जमीन खाते स्थापन झाले आणि मोजणी करून मालकीचे दस्त देणे सुरू झाले. त्यांतला सर्वांत पक्का ‘चानोत’, त्यावर लाल गरुड असतो. त्याच्या हद्दी मोजलेल्या असतात आणि कोपऱ्यांवर क्रमांकाचे सिमेंटचे खुंट रोवलेले असतात. त्याखालच्या दर्जाच्या दस्तांवर हिरवा किंवा काळा गरुड असतो. त्यांत मालकीऐवजी वहिवाट मान्य केलेली असते. शेतीसुधारणेत वाटलेली जमीन तर खुल्या बाजारात विकताच येत नाही, आणि डोंगरउतारावर सुंदर देखावा दाखवून स्वस्तात देऊ केलेले तुकडे पुष्कळदा याच जातीचे निघतात. आपला सातबारा महसुली नोंद असतो, चानोत थेट मालकी सांगतो. दस्त पाहताना रस्त्याचा हक्क पाहायला विसरू नये. शेजाऱ्याच्या जमिनीतून जाणारी वाट चानोतवर नोंदवलेली नसेल, तर ती त्याच्या मर्जीची असते.

घर आणि जमीन निराळी मानण्याची सवय थाई लोकांत कायद्याहून जुनी आहे. पूर्वीचे घर उंच खांबांवर उभे असे. भिंतींची लाकडी तावदाने खुंट्यांनी जोडलेली असत आणि सगळे सोडवून होडीतून दुसऱ्या गावी नेता येई. थाई रेशमाला जगाची बाजारपेठ मिळवून देणारा अमेरिकन जिम थॉम्पसन याने याच सोयीचा उपयोग केला. बँकॉकच्या बान क्रुआ वस्तीतून आणि अयुथ्थयाहून सागवानी घरे आणून, सेन सेप कालव्याच्या काठी ती एकत्र जोडून त्याने १९५९ मध्ये आपले घर उभे केले. भिंतींची तावदाने मुद्दाम उलटी लावली, म्हणजे कोरीव बाजू आत दिसावी. आज तसे सागवान सहज मिळत नाही. १९८८ च्या पुरात दक्षिणेत डोंगर घसरून माणसे गाडली गेली, त्यानंतर १९८९ मध्ये सरकारने जंगलतोडीवर बंदी घातली. नवी घरे सिमेंट-लोखंडाची असतात.

पहिला खांब उभारण्याचा विधी मात्र टिकला आहे. ‘साओ एक’ म्हणजे मुख्य खांब. मुहूर्त भिक्खू किंवा ब्राह्मण पुरोहित काढून देतो. खांबाला केळीचे रोप, ऊस आणि रंगीत कापड बांधतात, सोन्याचा वर्ख लावतात. खड्ड्यात नऊ शुभ लाकडांचे तुकडे ठेवतात. त्यांत साग, फणस, बांबू आणि बहावा आहेत, म्हणजे कोकणातल्या परसातली झाडेच. आवारात भूमिदेवतेसाठी एका खांबावर छोटे देऊळ बसवतात, ‘सान फ्रा फूम’. त्यावर घराची सावली पडू देत नाहीत. रोज हार, उदबत्ती आणि बहुधा लाल सरबताची बाटली ठेवतात. जमिनीचा मूळ धनी वेगळा आहे आणि आपण त्याची परवानगी घेऊन राहतो, हा त्यामागचा भाव. गृहप्रवेशाला नऊ भिक्खू येतात आणि घराभोवती पांढरा दोरा फिरवतात. शनिवार त्यासाठी टाळतात. परदेशी मालकांनी हे सगळे मनापासून करावे असे मला वाटते, कारण मजूर आणि शेजारी दोघेही मालकाला त्यावरून ओळखतात.

आता माती. बँकॉक आणि चाओ फ्राया नदीचे खोरे मऊ चिकणमातीच्या जाड थरावर बसले आहे, म्हणून तिथे साध्या बंगल्यालाही खोल पायलिंग लागते. इतरत्र भातखाचर विकत घेतले जाते आणि त्यावर भराव टाकला जातो. २०११ च्या महापुरात अयुथ्थया आणि पथुम थानी आठवड्यांमागून आठवडे पाण्याखाली होते. त्यानंतर प्रत्येक जण शेजाऱ्याहून उंच भराव घालू लागला. ताजा भराव दबत जातो, निदान एक पावसाळा त्याला द्यावा लागतो. घाई करणाऱ्याचे घर पायलिंगवर स्थिर राहते, पण भोवतालचा ओटा, गाडीची जागा आणि मलपाण्याचे नळ भरावाबरोबर खचतात. नव्या घरांत दिसणाऱ्या बहुतेक भेगांचे मूळ इथे असते. स्लॅब टाकण्याआधी त्याखाली वाळवीच्या औषधाची नळी फिरवतात, तीही नंतर घालता येत नाही.

बांधकाम परवाना तांबोनच्या कार्यालयातून, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या संस्थेतून किंवा नगरपालिकेतून मिळतो. परवान्याचा आधार असलेल्या १९७९ च्या इमारत नियंत्रण कायद्याचे वर्ष थाई कागदांवर २५२२ असे दिसते, कारण तिथे बुद्धसंवत चालतो. ५४३ वजा करायचे. नकाशांवर परवानाधारक थाई वास्तुविशारद आणि अभियंत्याची सही लागते.

सांगाडा आरसीसीचा. आपल्याकडच्यापेक्षा क्रम मात्र वेगळा: कॉलम-बीम झाले की लोखंडी कैच्यांवर छप्पर आधी चढते आणि भिंती नंतर, त्यामुळे पावसातही आत काम चालू राहते. भिंतींना लाल विटा किंवा हलके एएसी ब्लॉक. पश्चिमेच्या भिंतीला ब्लॉकच बरे, दुपारचे ऊन ते आत येऊ देत नाहीत. ठेकेदार सगळे काम अंगावर घेतो आणि पैसे टप्प्याटप्प्याने घेतो. प्रत्येक हप्ता झालेल्या कामाशी बांधलेला असावा आणि शेवटचा हप्ता मोठा ठेवावा. एप्रिलच्या मध्यावर सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष. त्या दिवसांत मजूर गावी जातात. ईशान्येकडच्या ईसानमधले मजूर भातकापणीलाही जातात.

सळई पाहून घ्यावी. बाजारात पूर्ण वजनाची सळई मिळते आणि तीच मापे सांगणारी हलकीही मिळते. सळईवर थाई मानकाचा शिक्का असतो, तो वाचावा आणि काही तुकडे वजन करून पाहावेत. २८ मार्च २०२५ रोजी म्यानमारमध्ये ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यात बँकॉकमधली राज्य लेखापरीक्षण कार्यालयाची बांधकाम चालू असलेली उंच इमारत कोसळली, आणि ढिगाऱ्यातल्या सळयांचे काही नमुने मानकाला उतरले नाहीत. तेव्हापासून सामान्य थाई माणूसही सळईच्या शिक्क्याबद्दल बोलू लागला आहे.

तलावाबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण सर्वांत महाग चुका इथे होतात. चार बाय आठ मीटरचा, दीड मीटर खोल तलाव घेऊ. त्यात ४८ घनमीटर, म्हणजे ४८ हजार लिटर पाणी मावते. वीस सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटचा हा हौद रिकामा असताना सुमारे ३५ टन वजनाचा भरतो. पावसाळ्यात भूजल जमिनीच्या पातळीला आले, तर त्याला खालून मिळणारा रेटा साठ टनांहून जास्त होतो. मग रिकामा तलाव होडीसारखा वर उचलला जातो, नळ तुटतात, कडा फाटतात. भरलेल्या तलावाला ही भीती नसते. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये साफसफाईसाठी तलाव उपसू नये, आणि बांधतानाच तळाशी भूजलाचा दाब सोडणारी झडप व खडीचा निचरा ठेवावा. घर पायलिंगवर आणि तलाव भरावावर असे कधीही करू नये. दोन्ही वेगवेगळ्या गतीने बसतात आणि मधले नळ त्यात सापडतात.

काँक्रीट झाल्यावर टाइल्स लावण्याची घाई होते. आधी हौद पाण्याने भरून काही दिवस पातळीवर खूण करून पाहावी. उन्हाने रोज सुमारे पाच मिलिमीटर पाणी उडते, म्हणजे या मापाच्या तलावात १६० लिटर. उतार याहून स्पष्ट जास्त असेल तर गळती आहे, आणि ती टाइल्सखाली गेल्यावर शोधणे म्हणजे तलाव पुन्हा फोडणे. काठावरून पाणी सांडणाऱ्या तलावाला शेजारी वेगळी टाकी लागते. माणसे उतरली की चढलेले पाणी तिच्यात जाते आणि पंप ते परत आणतो. पंपाने सहा तासांत सगळे पाणी एकदा गाळणीतून फिरवावे, म्हणजे ताशी आठ हजार लिटर. मिठापासून क्लोरीन तयार करणारे यंत्र तिथे फार लोकप्रिय आहे. त्याला लिटरमागे तीन-चार ग्रॅम मीठ लागते, म्हणजे पहिल्याच दिवशी सुमारे दीडशे ते एकशे नव्वद किलो. सामू ७.२ ते ७.६ च्या दरम्यान नसेल तर क्लोरीन असूनही पाणी हिरवे पडते. पाण्यातले दिवे बारा व्होल्टचेच घ्यावेत, पंपाच्या खोलीला अर्थिंग आणि गळतीचा विद्युतप्रवाह तोडणारा ब्रेकर हवाच. घरात लहान मूल येणार असेल, तर तलावाभोवती कुंपण आणि आपोआप बंद होणारे फाटक टाइल्सच्या आधी ठरवावे.

शेवटच्या कामांना वाटते त्याहून जास्त वेळ लागतो. गिलावा सुकण्याआधी रंग लावला की पापुद्रे निघतात. वातानुकूलन यंत्राच्या पाण्याचा नळ भिंतीत उतार न देता गाडला की छतावर डाग येतात. खिडक्यांना डासांची जाळी सरकती हवी. स्वयंपाकघरे दोन असतात, आतले पाश्चात्त्य पद्धतीचे आणि मागच्या अंगणातले थाई पद्धतीचे. तिखट फोडणीचा धूर घरात येऊ नये म्हणून मागचे खरे वापरात असते, आणि मराठी घराला ते नक्की आवडेल. घरक्रमांक मिळाला की कायमचे वीजमीटर मिळते. तोवर बांधकामाच्या तात्पुरत्या मीटरवर जास्त दराने वीज भरावी लागते.

राहिला पैशांचा प्रश्न. भारतात राहणाऱ्याला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते आणि तिच्यातून परदेशात स्थावर मालमत्ता घेता येते. ती प्राप्तिकर विवरणपत्रात परदेशी मालमत्ता म्हणून दाखवावी लागते. न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याचा कठोर दंड आहे.

हे वाचून कोणी तिथे घर बांधायला निघणार असेल, तर दोन गोष्टी कराव्यात. विक्रेत्याने सुचवलेला नव्हे, तर स्वतः निवडलेला थाई वकील आणि ठेकेदाराशी संबंध नसलेला अभियंता नेमावा. त्यांचे शुल्क एकूण खर्चाच्या मानाने थोडे असते. आणि जमीन पाहायला डिसेंबरच्या सुंदर हवेत जाऊ नये. बँकॉक, हुआ हिन आणि चिआंग माईकडे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जावे, समुईला नोव्हेंबरमध्ये, कारण तिथला मोठा पाऊस तेव्हा पडतो. पाणी कुठवर चढते ते तेव्हाच दिसते.