राशोलचं चर्च आणि आपली ओवी



आमच्या बेळगावात सध्या चर्चा आहे की मराठी मिस्सेला माणसं कमी येतात, तेव्हा ती महिन्यातून एकदाच ठेवावी. तरुण मंडळी म्हणतात, "सर, इंग्लिश सगळ्यांना कळतं." कळतं, खरं आहे. पण निर्णय होण्याआधी एकदा साष्टीतल्या राशोलला जाऊन या.

झुआरीच्या काठी जुन्या किल्ल्याच्या जागेत हे गाव. लोक रायतूरही म्हणतात. चर्च हिमाच्या मातेचं. तिचा सण 5 ऑगस्टला, म्हणजे ऐन पावसात! गोव्यात हिम कुणी पाहिलंय? पण माउलीला कुणी हा प्रश्न विचारत नाही. 1583 साली कुंकळ्ळीत मारल्या गेलेल्या पाच जेजुइटांना आधी इथेच पुरलं होतं. पुढे अवशेष जुन्या गोव्याला नेले. त्या प्रकरणानंतर कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केलं, तेही आपण मुलांना सांगायला हवं. सांगत नाही.

मला मात्र राशोल आठवतं ते फादर थॉमस स्टीफन्समुळे. हा इंग्रज 1579 साली गोव्यात आला आणि 1619 मध्ये इथेच वारला. मधल्या काळात तो आपली भाषा अशी शिकला की ख्रिस्ताची कथा जवळजवळ अकरा हजार ओव्यांत लिहून गेला. ज्ञानेश्वर-एकनाथांचा छंद, आणि गोष्ट येशूची! 'ख्रिस्तपुराण' 1616 साली राशोलच्या जेजुइट कॉलेजात छापलं गेलं. नागरी खिळे नव्हते म्हणून रोमन लिपीत. पुढे 1649 आणि 1654 साली ते पुन्हा छापलं. रविवारी मिस्सा झाल्यावर लोक बसून ते ऐकत.

मग 1684 साली व्हाइसरॉयचं फर्मान निघालं, तीन वर्षांत देशी भाषा सोडा, पोर्तुगीज बोला. भाषा काही मेली नाही, घराघरात राहिली. पण पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज सापडत नाही.

तेव्हा भाषा सोडायला फर्मान लागलं होतं. आता आपणच ठराव करतोय, तोही बहुमताने.

माझं म्हणणं एवढंच: मिस्सा कमी करायच्या आधी लेंट संपेपर्यंत दर रविवारी पंधरा मिनिटं ख्रिस्तपुराण वाचूया. नागरीतली प्रत माझ्याकडे आहे. अवघड शब्द मी समजावीन. शेजारच्या हिंदू मंडळींनीही यावं, त्यांना ओवीची चाल आपल्याहून चांगली येते.

— एक निवृत्त शिक्षक, बेळगाव