ऑर्किडची कुंडी: हत्यारे किती, हवा किती

ऑर्किडची कुंडी बदलण्यासाठी लागणाऱ्या अवजारांचे संच आता बागकामाच्या दुकानांत आणि ऑनलाइन सहज मिळतात. वाकड्या पात्याची कात्री, लांब चिमटा, छोटी खुरपी, हातमोजे, क्वचित एखादा ब्रश. यातली खुरपी तर उघडच निरुपयोगी आहे, कारण फॅलेनोप्सिस, डेंड्रोबियम किंवा कॅटलिया यांच्या कुंडीत खुरपायला माती नसते. बाकीच्या वस्तूही कितपत कामाच्या, हे त्यांच्या चकाकीवरून कळत नाही. त्यासाठी तीन प्रश्न विचारावे लागतात. या वस्तूमुळे मुळांना हवा मिळते का? नव्या कुंडीत झाड हलायचे थांबते का? आणि एका झाडाचा रस दुसऱ्याला लागायचा टळतो का? या कसोट्या लावल्या की संचातल्या निम्म्या वस्तू बाद होतात, आणि संचात कधीच नसलेल्या दोन-तीन स्वस्त वस्तू यादीत वर येतात.

हवेला पहिला मान का, हे मुळांच्या रचनेवरून कळते. जगात ऑर्किडच्या सुमारे २८,००० जाती आहेत आणि त्यांतल्या दोन-तृतीयांशांहून अधिक झाडांवर वाढतात. आपल्या सह्याद्रीत डेंड्रोबियम बार्बाट्युलम किंवा एरिडिस मॅक्युलोझा पाहिले तर त्यांची मुळे खोडाला घट्ट धरून, उघड्यावर पसरलेली दिसतात. बरेच लोक त्यांना बांडगूळ समजतात, पण बांडगूळ यजमान झाडाच्या आत शिरून रस शोषते. ऑर्किड फक्त आधार घेते. पाणी ते पावसाचे, धुक्याचे आणि सालीवरून ओघळणारे घेते. त्यासाठी त्याच्या मुळांवर व्हेलामेन नावाचे मृत पेशींचे पांढरट आवरण असते. ते पाणी झटकन टिपते, आतल्या जिवंत भागाला देते आणि पुन्हा कोरडे होते. चार महिने धो-धो पाऊस आणि पुढचे आठ महिने कोरडे वारे, अशा हवामानात तगलेली ही व्यवस्था भिजणे आणि सुकणे या दोन्हींवर चालते. सुकण्याचा टप्पाच काढून घेतला तर मूळ गुदमरते, मग त्यात बुरशी शिरते. ऑर्किड कुंडीत मरते तेव्हा बहुतेकदा कारण हेच असते, आणि मालक मात्र पाणी कमी पडले असे समजून आणखी पाणी घालत राहतो.

म्हणून कुंडी बदलताना खरे तर आपण आतली हवा बदलत असतो. साल, नारळाचे सोडण किंवा शेवाळ नवे असते तेव्हा तुकड्यांमध्ये पोकळ्या असतात. दीड-दोन वर्षांत ते कुजून भुगा होते, पोकळ्या बुजतात, खतातले क्षार साठतात. झाड मोठे झाले नसले तरी कुंडी बदलावी लागते ती यामुळे. हे काम सोपे कशाने झाले, याचा इतिहास पाहिला तर त्यात अवजारांचा वाटा फार थोडा आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत ऑर्किड लावायची ती ऑस्मुंडा नेच्याच्या चिवट तंतुमय मुळ्यांत. हे तंतू कापून, लाकडी दांड्याने ठासून कुंडीत बसवावे लागत. मनगटे भरून येतील असे काम. १९५० च्या दशकात फर झाडाच्या सालीचे तुकडे वापरात आले आणि दांडा बाजूला पडला. झाड धरायचे, भोवती साल ओतायची, कुंडी दोन-तीनदा आपटायची. पण या सोयीची किंमत मोजावी लागली. ऑस्मुंडा अधिक वर्षे टिकत असे, साल लवकर कुजते. शिवाय कुजवणारे सूक्ष्मजीव नायट्रोजन स्वतःच खातात, म्हणून सालीत लावलेल्या झाडांसाठी नायट्रोजन जास्त असलेले ३०-१०-१० प्रमाणाचे खत बाजारात रूढ झाले. काम सोपे झाले, पण अधिक वेळा करावे लागू लागले.

या हिशेबाने पहिला खर्च माध्यमावर आणि कुंडीवर व्हायला हवा. आपल्याकडे पाइनची साल मिळते, लाकडी कोळसा मिळतो, विटांचे रोडे फुकट मिळतात आणि कोकणात नारळाचे सोडण तर अंगणातच पडलेले असते. सोडणाचे तुकडे वापरण्याआधी दोन दिवस पाणी बदलत भिजवावेत, कारण त्यात क्षार असतात. कोकणातल्या दमट हवेत कोळसा आणि रोडे जास्त, सोडण कमी. पुणे-सोलापूरकडच्या कोरड्या उन्हाळ्यात उलट. कुंडी मुळांच्या पसाऱ्यापेक्षा बोटभरच मोठी असावी. ऐसपैस कुंडीत झाड सुखावेल असे वाटते, पण मोठ्या कुंडीचा मधला भाग दिवसेंदिवस ओला राहतो. त्यावर एक स्वस्त उपाय आहे: जाळीची छोटी कुंडी मोठ्या कुंडीच्या तळाशी उपडी ठेवायची आणि मुळे तिच्यावर पसरायची, म्हणजे मधोमध हवेची पोकळी राहते. पारदर्शक प्लॅस्टिकची कुंडी घ्यावी का, यावर वाद आहे. मुळांना उजेड हवा म्हणून ती घ्या, असे विक्रेते सांगतात. फॅलेनोप्सिसच्या मुळांत हरितद्रव्य असते हे खरे, पण मातीच्या अपारदर्शक कुंडीतही ही झाडे उत्तम वाढतात. पारदर्शक कुंडीचा खरा फायदा मालकाच्या डोळ्यांना आहे. मुळे हिरवी दिसली तर ओल आहे, चंदेरी दिसली तर पाणी द्यायची वेळ झाली. नवशिक्यासाठी याहून चांगले अवजार नाही.

संचातला लांब चिमटा मात्र ठेवण्याजोगा आहे, आणि त्याचे कारण नर्सरीत आहे. ऊतिसंवर्धनातून आलेली रोपे लहानपणी शेवाळाच्या किंवा स्पंजासारख्या गोळ्यात वाढवतात आणि पुढे तो गोळा तसाच ठेवून भोवती साल भरतात. वरून साल कोरडी दिसते, आत खोडाच्या बुडाशी गोळा चिंब. फुलांसकट आणलेले फॅलेनोप्सिस वर्षभरात पाने टाकू लागते, तेव्हा पुष्कळदा दोष या गोळ्याचा असतो. तो मुळे न तोडता, कण-कण करून काढायला बोटांपेक्षा चिमटा बरा.

जंगलात कोण कुंडी बदलते, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. प्रश्न बिनतोड वाटतो, पण जंगलात कुंडीच नसते. जिवंत फांदीची साल मुळांभोवती भुगा होऊन बसत नाही. पाऊस क्षार धुऊन नेतो, वारा सुकवतो. तशीच सोय घरी करता येत असेल, म्हणजे झाड लाकडाच्या फळीवर बांधून किंवा व्हँडासारखे रिकाम्या टोपलीत टांगून, तर कुंडी बदलायची कटकट खरोखरच जवळपास संपते. रत्नागिरी-गोव्याच्या हवेत हा मार्ग कुंडीपेक्षा सरस आहे, हे मान्य केले पाहिजे. पण एप्रिलमध्ये देशावरच्या बाल्कनीत अशा झाडाला दिवसातून दोनदा पाणी द्यावे लागते, आणि नोकरीवर जाणाऱ्याला ते झेपत नाही. दुसरा आक्षेप असा की ऑर्किडला दाटीवाटी आवडते, त्याला हात लावू नये. कुंडीबाहेर आलेली मुळे हे संकट नव्हेच, इतपत ते बरोबर आहे. पण दाटी चालते म्हणजे कुजका भुगा चालतो असे नाही.

झाड हलू न देणे या दुसऱ्या कसोटीकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते. नव्या मुळाचे हिरवे टोक इतके नाजूक असते की सैल झाड वाऱ्याने किंवा पाणी घालताना डुलले तरी ते घासून खराब होते आणि मूळ तिथेच खुंटते. जुन्या मुळांची छाटणी झालेली असते, साल अजून बसलेली नसते. म्हणजे आधार सगळ्यात कमी असतो तेव्हाच स्थैर्याची गरज सर्वाधिक. कॅटलिया किंवा डेंड्रोबियम आडव्या खोडाने एका दिशेने सरकत वाढतात. त्यांची जुनी बाजू कुंडीच्या काठाला टेकवून नवा कोंब मोकळ्या जागेकडे ठेवायचा आणि ते आडवे खोड कुंडीच्या काठावर अडकणाऱ्या तारेच्या क्लिपने दाबून धरायचे. ही क्लिप दिसायला क्षुल्लक आहे, संचात सहसा नसते, आणि माझ्या मते संचातल्या सगळ्या वस्तूंपेक्षा जास्त उपयोगाची आहे. ती न मिळाल्यास बांबूची काडी आणि मऊ सुतळी यांवर काम भागते. फॅलेनोप्सिस एकाच खोडावर सरळ वर वाढते. त्याचे बूड सालीच्या पातळीला ठेवून एका काडीला बांधले की पुरे.

आता कात्री. सगळ्यात देखणे आणि सगळ्यात धोक्याचे अवजार तेच. १९५१ साली कॅलिफोर्नियात ऑर्किडवरच्या दोन विषाणूंचे वर्णन झाले: सिंबिडियम मोझॅक आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट. आजही जगभरच्या संग्रहांत हेच दोन सर्वाधिक आढळतात. त्यांचा प्रसार करणारा कीटक ज्ञात नाही. ते पसरतात मुख्यतः पात्याला लागलेल्या रसातून, हातांतून, न धुता पुन्हा वापरलेल्या कुंड्यांतून. लागण झालेल्या झाडावर उपचार नाही. घरी चार-सहा झाडे, त्यांच्यासाठी एवढा सोवळेपणा कशाला, असे कुणी म्हणेल. पण ती चार झाडे चार नर्सरींतून आलेली असतात, आणि बाधित झाड कित्येकदा वरून निरोगी दिसते. पात्यावर स्पिरिट पुसणे ही सर्रास पद्धत विषाणूंपुढे भरवशाची नाही. पाते ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवणे चालते, पण त्याने चांगल्या कात्रीची धार जाते. महाग कात्री न घेण्याचे हेच मोठे कारण आहे. दाढीच्या ब्लेडचे पाकीट आणावे, प्रत्येक झाडाला एक नवे ब्लेड वापरावे, आणि झाल्यावर ते कागदात गुंडाळून टाकावे. कापायचेही थोडेच असते: दाबल्यावर पिचणारी, तपकिरी, पोकळ मुळे तेवढी काढायची, टणक मुळे मळकट दिसली तरी राखायची. जखमेवर दालचिनीची पूड लावतात, ती चालेल, पण चांगल्या मुळांवर पडली तर त्यांनाही सुकवते.

कुंडी बदलायची वेळ कॅलेंडरवरून ठरवू नये. फॅलेनोप्सिसची फुले संपल्यावर, आणि कॅटलिया-डेंड्रोबियमच्या नव्या कोंबाच्या बुडाशी मुळांची टोके दिसू लागल्याबरोबर हे काम करावे. मुळे बोटभर वाढू दिली तर हाताळताना मोडतात. ज्यांच्याकडचे फॅलेनोप्सिस दोन वर्षे नर्सरीच्याच कुंडीत आहे, त्यांनी फुले गळताच ते उपडे करून बुडाशी गोळा आहे का ते पाहावे, आणि संचाचे पैसे साल, दोन पारदर्शक कुंड्या, चिमटा, क्लिप आणि ब्लेडच्या पाकिटावर खर्च करावेत.